पटावरचं नाव, बोटावरची शाई



गेल्या पावसाळ्यात लातूरच्या आपल्या अभ्यासवर्गात ठरलं, की आता नुसती भाषणं पुरे. वस्तीतल्या पोरांच्या शिक्षणाचं सर्वेक्षण करायचं. किती पोरं शाळेत, किती बाहेर, कितव्या यत्तेत गळाली, का गळाली. लातूरचं झालं की नांदेडच्या मित्रांनी त्यांच्याकडं करायचं. फॉर्म आपणच केला, आपणच छापला. पहिल्या रविवारी आम्ही चौघं निघालो. मी रात्रपाळी करून डाळमिलमधून थेट वस्तीत, अंगावर तुरीची भुकटी तशीच.

तिसऱ्या की चौथ्या घरात एक मावशी भेटली. पोरगं सातवीतून सुटलेलं. आमच्या फॉर्मवर प्रश्न होता, शिक्षण का सोडलं? खाली पाच चौकटी: गरिबी, नापास, लग्न, आवड नाही, इतर. मावशी म्हणली, "आवड नव्हती म्हणून लिवा." आम्ही खूण केली. फॉर्म मिटला, पेन खिशाला लावलं, उठलो. तेव्हा ती चुलीकडं बघत म्हणली, "मास्तर त्याला समद्यात मागं बसवायचा. एकदा पाण्याच्या हंड्याला हात लावला म्हणून लई मारलं. मग जाईचना. ते कशात लिवतांव बाबा?"

कशातच लिहिणार नव्हतो. तशी चौकटच नव्हती. 'आवड नाही' ही चौकट मात्र होती, आणि ती कुठल्या भटाने किंवा साहेबाने घातलेली नव्हती. ती आम्ही घातली होती. त्या गल्लीतल्या निम्म्याहून जास्त फॉर्मांवर खूण तिथंच. ते आकडे तसेच छापले असते तर सिद्ध काय झालं असतं? आपल्या पोरांना शिकायची आवड नाही. जे शंभर दीडशे वर्षं आपल्याला ऐकवलं जातंय तेच, आणि तेही आपल्याच हस्ताक्षरात.

फॉर्मांचा गठ्ठा खोलीवर आणून ठेवला. पाळी सुटल्यावर वाचत बसलो. आपल्या शिक्षणाची मोजदाद आजवर कुणी केली, कुठं उभं राहून केली, कुणाला विचारून केली. मी काही कॉलेजात शिकलेला माणूस नाही. दहावीला गणितात गेलो. पण आकड्यांचा हा इतिहास वाचताना गणित पहिल्यांदा कळलं.

सुरुवात पटावरून करू. १८५६ च्या जूनमध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार पोराने प्रवेश मागितला. मिळाला नाही. कागद मुंबई सरकारकडं गेले, पुढं विलायतेपर्यंत गेले. सरकारी शाळा सगळ्या जातींसाठी आहेत असं तिकडून लिहूनही आलं. पोरगं दाराबाहेरच. आता त्या शाळेचा त्या सालचा पट उघडा. महार विद्यार्थी शून्य. पट बघणारा म्हणणार, या लोकांना शिक्षण नको होतं. अर्जांची फाइल बघणारा म्हणणार, हवं होतं, दिलं नाही. साल तेच, शाळा तीच. कोणतं कपाट उघडलं त्यावर निकाल.

त्याच्याही आदल्या साली, १८५५ ला, जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे नावाच्या मांगाच्या पोरीने महारामांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ज्ञानोदयात छापून आला. कुठलं कमिशन तिला विचारायला आलं नव्हतं. तिनेच सांगितलं. आपल्याकडं मोजणीच्या आधी साक्ष आली, हे लक्षात ठेवा.

मग १८८२ चं हंटर कमिशन. त्याची रीत अशी: खात्याकडून आकडे मागवायचे आणि साक्षी घ्यायच्या. जोतिरावांनी आपलं निवेदन दिलं. शेतकऱ्याच्या घामाचा पैसा वरच्या वर्गाच्या शिक्षणावर जातो, आणि महारामांगांना जातीच्या विटाळापायी शाळेत जागा नाही, हे त्यांनी ठणकावून मांडलं. खात्याचे १८८१-८२ चे आकडे काय सांगत होते? मुंबई इलाख्याच्या प्राथमिक शाळांत खालच्या जातींची पोरं २,८६२. त्याच्या वरच्या टप्प्यावर, मिडल स्कुलात, १७. हायस्कुलात कोणी नाही. कॉलेजात कोणी नाही. सगळ्या इलाख्यात सतरा! आमच्या मिलमध्ये एका पाळीला त्याच्याहून जास्त माणसं असतात.

हे आकडे सरकारी अहवालात पडून होते. ते उचलून वापरले बाबासाहेबांनी, १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढच्या निवेदनात, बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने. पण त्याच्या एक वर्ष आधीचं भाषण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. १२ मार्च १९२७, मुंबई कायदे कौन्सिल, शिक्षणाच्या अनुदानावर चर्चा. म्हणजे चवदार तळ्याच्या आठवडाभर आधी. हे भाषण प्रत्येक कार्यकर्त्याने कागद-पेन्सिल घेऊन वाचावं.

शिक्षण खात्याने इलाख्यातल्या लोकांचे चार वर्ग पाडले होते: पुढारलेले हिंदू, मुसलमान, मधला वर्ग आणि मागासवर्ग. मागासवर्गात अस्पृश्य, डोंगरी जमाती आणि गुन्हेगार ठरवलेल्या जमाती. बाबासाहेबांनी नुसती पोरं मोजली नाहीत. त्या त्या वर्गाच्या लोकसंख्येमागं किती पोरं, असं विचारलं. प्राथमिक शाळेत दर हजारी पुढारलेले हिंदू ११९, मुसलमान ९२, मधला वर्ग ३८, मागासवर्ग १८. पुढं माध्यमिक. तिथं त्यांनी हजार सोडून लाख धरला. लाखामागं पुढारलेले हिंदू ३,०००, मुसलमान ५००, मधला वर्ग १४०, मागासवर्ग १४. कॉलेजला दोन लाख धरले. पुढारलेले हिंदू १,०००, मुसलमान ५२, मधला वर्ग १४, आणि आपल्यापुढं शून्य.

हजारावरून लाखावर का गेले? मला हे समजायला दोन रात्री लागल्या. लाखात १४ म्हणजे हजारात चौदा शतांश पोरगं. हजारच धरला असता तर आपली पोरं टिंबाच्या मागं लपली असती. लाख धरला म्हणून ती चौदा पोरं उभी दिसली, आणि समोरची तीन हजारही दिसली. आता भागाकार करा. प्राथमिकला ११९ ला १८ ने भागा, साडेसहा पट. माध्यमिकला ३,००० ला १४ ने भागा, दोनशे चौदा पट. दारातून आत येताना जी दरी साडेसहा पट होती ती जिन्यावर चढता चढता दोनशे पट झाली. वर आणखी त्यांनी क्रम लावून दाखवला: लोकसंख्येत मागासवर्ग दुसरा, शिक्षणात प्रत्येक पायरीवर शेवटचा, लोकसंख्येत पुढारलेले हिंदू सगळ्यांत शेवटचे, शिक्षणात प्रत्येक पायरीवर पहिले. शिवी नाही, आरोळी नाही. खात्याचेच आकडे खात्याच्या तोंडावर ठेवले.

पण या कोष्टकात आपला नांदेड नाही, लातूर नाही. आपण तेव्हा निजामाच्या मुलखात. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत. तिथली मोजणी वेगळी, दप्तर उर्दूत, वरचं शिक्षण उर्दूत. उस्मानिया विद्यापीठच १९१८ साली उर्दू माध्यमाचं निघालं. १९३१ च्या हैदराबाद जनगणनेत आपल्या लोकांना आदिहिंदू म्हणून वेगळं मोजलं. हैदराबादकडच्या चळवळीने ते नाव मागून घेतलं होतं. १९५१ ला अख्ख्या हैदराबाद राज्यात साक्षर शंभरात नऊ. सगळ्या जाती धरून नऊ. त्यात आपले किती असतील याचा अंदाज मी करत नाही, माझा पणजा अंगठा उठवायचा एवढं घरचं माहीत आहे. मिलिंद कॉलेज औरंगाबादला १९५० साली निघालं ते या नऊच्या प्रदेशात, हे आपण विसरतो.

आता सर्वेक्षण करणाऱ्या माणसाची गोष्ट. १९२८ मध्ये मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची पाहणी करायला स्टार्ट साहेबांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बाबासाहेब आणि ठक्कर बाप्पा त्यात सभासद. कमिटीने इलाखाभर फिरून माहिती घ्यायची होती. माणसं वाटून घेतली, बाबासाहेब आणि आणखी एका सभासदाच्या वाट्याला खानदेशचे दोन जिल्हे. १९२९ च्या ऑक्टोबरमध्ये काम आटोपल्यावर बाबासाहेब एकटे चाळीसगावला उतरले. धुळ्याच्या लाइनवर एका गावात आपल्या लोकांवर बहिष्कार पडला होता, त्याची चौकशी करायची होती. ते त्या गावाला जाऊन, बघून, चाळीसगावला परत आले. वस्तीतले लोक स्टेशनावर हार घेऊन उभे. महारवाडा दोनेक मैल, मध्ये नदीवर छोटा पूल. स्टेशनासमोर टांगे भरपूर. तरी तासभर कुणी हलेना. का ते बाबासाहेबांना कळेना.

नंतर कळलं. एकही टांगेवाला अस्पृश्याला नेऊन टांगा हाकायला तयार नव्हता. तडजोड अशी झाली की एकाने टांगा भाड्याने दिला, हाकायचा मात्र तुमच्याच माणसाने. आपल्या माणसाने आयुष्यात टांगा हाकला नव्हता. पुलावर चाक अडकलं, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा नदीत. पायाचं हाड मोडलं. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय.

बघा म्हणजे. अस्पृश्यांवर अन्याय होतो का, याची पाहणी करायला सरकारने नेमलेला बॅरिस्टर, आणि पाहणीला जायला टांगा नाही. पाहणीचं उत्तर स्टेशनाबाहेरच पडलेलं होतं. समितीच्या १९३० च्या अहवालात वसतिगृहं, शिष्यवृत्त्या, सगळ्यांच्या एकत्र शाळा अशा शिफारशी आहेत. त्या कामाच्या होत्या. पण त्या पुलावरचा प्रसंग कुठल्या रकान्यात बसवायचा? विचारणारा कोण आहे यावर त्याला काय दिसतं ते ठरतं. त्या जागी दुसरा सभासद असता तर टांगा मिळाला असता, पाय शाबूत राहिला असता, आणि चाळीसगावात काहीच घडलं नाही असं त्याने प्रामाणिकपणे लिहिलं असतं.

हे आपल्यालाही लागू आहे. आमच्या पहिल्या फेरीत चौघंही पोरगेच. दारात गेलो की बाप नाहीतर भाऊ पुढं येऊन बसायचा आणि पोरीच्या शिक्षणाबद्दल तोच बोलायचा. पोरगी भिंतीआड. आणि चौघंही बौद्ध. मातंगांची गल्ली आम्ही शेवटाला ठेवली होती, ऊन झालं म्हणून ती राहिली. ऊन झालं म्हणून! बाकीच्या गल्ल्यांत काय सावली होती? हे मी बैठकीत बोललो तेव्हा दोघं चिडले. चिडोत.

आता सगळ्यांत अवघड गाठ. १९५१ ला आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत बौद्ध अडीच हजारांच्या आसपास. १९५६ ला दीक्षा. १९६१ च्या जनगणनेत बौद्ध २७ लाख ९० हजार. जगाच्या इतिहासात असा आकडा शोधून दाखवा. पण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असला पाहिजे. १९५६ मध्ये शीख त्यात आले. बौद्ध १९९० पर्यंत नाहीत. म्हणजे ज्याने धर्म बौद्ध सांगितला तो १९६१ ला अनुसूचित जातीच्या कोष्टकातून बाहेर. १९७१ ला बाहेर. १९८१ ला बाहेर. राज्य सरकारने १९६० पासून नवबौद्धांना आपल्या सवलती दिल्या, केंद्राच्या मात्र नाहीत.

सर्वेक्षणाच्या अंगाने बघा काय झालं. या तीस वर्षांत महाराष्ट्रातल्या 'अनुसूचित जातींचं शिक्षण' म्हणून जे जे जनगणनेवरून लिहिलं गेलं, त्यात बाबासाहेबांचं ऐकून शाळेची वाट धरलेला सगळ्यांत मोठा समाजच नाही. १९८१ ला राज्यात अनुसूचित जाती सुमारे ४४ लाख ८० हजार, शंभरात ७.१४. १९९० ला कायदा दुरुस्त झाला, आणि १९९१ ला आकडा ८७ लाख ५८ हजार, शंभरात ११.०९. दहा वर्षांत दुप्पट. आपल्या बायकांना काय दहा वर्षांत जुळीच जुळी झाली? माणसं तीच, चौकट बदलली. म्हणून १९८१ ची साक्षरता १९९१ च्या शेजारी ठेवून 'अनुसूचित जातींची भरारी' असं जो लिहितो, तो दोन वेगळ्या गर्द्या एकमेकींशी तोलतोय. चांगल्या प्राध्यापकांच्या लेखांत मी हे पाहिलंय.

आणि हे संपलेलं नाही. गणना करणाऱ्याला माणसाने धर्म बौद्ध सांगितला आणि जातीच्या प्रश्नालाही 'बौद्ध' एवढंच सांगितलं, तर तो अनुसूचित जातीत धरला जात नाही, कारण यादीत बौद्ध नावाची जात नाही. कशी असेल? केंद्र सरकारने २०२५ मध्ये पुढच्या जनगणनेत सगळ्यांची जात मोजायचा निर्णय घेतला, तेव्हापासून आपल्या वस्त्यांत हाच वाद आहे. आमच्या वर्गातही झाला. एकजण म्हणला, "१४ ऑक्टोबरला टाकून दिलेलं नाव मी माझ्या हाताने परत लिहिणार नाही." त्याचा गळा भरून आला होता. दुसरा म्हणला, "तू लिहू नको. पण तुझ्या पोरीची शिष्यवृत्ती त्या नावाच्या दाखल्यावर आहे." दोघंही खरं बोलत होते. मी म्हणलं, फॉर्मवर धर्म आणि जात असे दोन वेगळे रकाने करू. जातीच्या रकान्यात यादी द्यायची नाही, माणूस जो शब्द बोलेल तो तसाच लिहायचा, आणि तिसऱ्या रकान्यात विचारायचं, शाळेच्या दाखल्यावर काय आहे? तीन रकान्यांत तीन उत्तरं आली तर तीही येऊ देत. काही घरांत आलीच.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या बौद्धांची साक्षरता ८३.१७ टक्के, राज्याची ८२.३४. हा आकडा छाती फुगवून सांगण्यासारखा आहे आणि मी सांगतो. पण मावशीचं पोरगं यात साक्षरच धरलं जातं. सातवी शिकलंय ना. साक्षर म्हणजे कुठवर, हे हा आकडा सांगत नाही.

संशोधकांचं म्हणाल तर सत्तरच्या दशकात भारतीय सामाजिक शास्त्र संशोधन परिषदेने देशभर अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांची पाहणी करवली. सुमा चिटणीस बाईंनी पंधरा राज्यांतल्या हायस्कूल-कॉलेजच्या विद्यार्थ्यांवरचा अहवाल १९८१ मध्ये पुस्तकरूपाने काढला. मोठं काम. तोवर एवढ्या पोरांना कुणी विचारलंच नव्हतं. पण विचारलं कुणाला? जे वर्गात बसले होते त्यांना. जो गळाला तो वर्गात नसतो, त्याला प्रश्नपत्रिका मिळत नाही. जिना चढून आलेल्यांना जिन्याची अडचण विचारली.

ही चूक समजावून घ्यायला लातूरची आडत बाजारपेठ बघा. गंजगोलाईच्या या गावाला तूर शिकवायला नको. शेतकऱ्याचं पोतं आलं की आडत्या त्यात टोकदार नळी खुपसतो. वरून एकदा, कडेने एकदा, तळाला एकदा. मूठभर दाणे तळहातावर घेऊन भाव सांगतो. सगळं पोतं ओतत नाही. मूठभरावरून पोत्याचं कळतं, पण नळी तळापर्यंत गेली तरच. तोंडाला चांगली तूर आणि खाली माती-खडे, ही चलाखी सगळ्यांना माहीत आहे. नमुना म्हणजे एवढंच.

आता 'लातूर पॅटर्न' घ्या. राजर्षी शाहू, दयानंद, ही कॉलेजं. बोर्डाच्या गुणवत्ता यादीत लातूरची पोरं. राज्यभरातून आईबाप लेकरं घेऊन इथं खोल्या शोधायला. बोर्डाने पुढं यादी लावणं बंद केलं, आता डॉक्टरकीच्या परीक्षेसाठी तीच गर्दी, नांदेडलाही तीच. पोरं कष्ट करतात, मास्तर कष्ट करतात, यात खोट नाही. आपल्यातलीही काही तिथून डॉक्टर झाली. पण तो आकडा पोत्याच्या तोंडाचा आहे. पन्नास टक्के राखीव जागा १९०२ ला देणाऱ्या राजाचं नाव ज्या गावात कॉलेजवर आहे, त्या गावात पहिलीला किती बसले आणि त्यातले बारावीला किती पोचले, हा भागाकार कुठल्या फलकावर नाही.

नळी तळापर्यंत घालायचा एक मोठा प्रयत्न मात्र आपल्याच नांदेडात झाला. २०११ साली तेव्हाचे जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी जिल्ह्यातल्या शाळांचे पट तपासले. पटावर नाव आहे ते पोर खरंच वर्गात आहे का? शिक्षकांची पदं पटावर, अनुदान पटावर, खिचडीचे तांदूळ पटावर. त्यामुळं पट फुगलेले. एक शाळा दुसरीकडून तपासणीपुरती पोरं उसनी आणायची. त्यावर उपाय म्हणून मतदानाची शाई; मोजलेल्या पोराच्या बोटाला लावायची, म्हणजे ते दुसऱ्या शाळेत मोजलं जाणार नाही. नांदेडात जे निघालं ते बघून सरकारने ३ ते ५ ऑक्टोबर २०११ असे तीन दिवस सगळ्या राज्यात एकदम पटपडताळणी केली. २० लाखांच्या आसपास पोरं पटावर होती, वर्गात नव्हती. निम्म्याहून जास्त पट गैरहजर निघाला त्या शाळांवर कारवाईच्या फायली निघाल्या.

रीत म्हणून ही उत्तम. सगळीकडं एकाच वेळी, कागद न विचारता पोर समोर उभं करून, आणि एकाला एकदाच. आपण शिकावी अशी.

पण मी त्या पडताळणीत होतो. मुखेड तालुक्यातल्या आमच्या गावी, पाचवीत. बोटाला शाई लागली, पोरं एकमेकांना दाखवत फिरली, मतदान केलं म्हणून. तिसऱ्याच दिवशी दसरा झाला. दिवाळीनंतर मुकादमाचा ट्रॅक्टर आला. आईबापाने उचल घेतलेली. एक कोयता म्हणजे नवरा-बायको, आणि त्यांच्यामागं मी, धाकटीला सांभाळायला. पाडव्यापर्यंत फडातल्या कोपीत. पहाटे आई मोळ्या बांधायला गेली की मी वाढे गोळा करायचो. गावी परत आलो तर मी पाचवी पास. मधल्या चाचणीचे मार्कसुद्धा पडलेले होते! शाळेचं नाव लिहीत नाही. शाळा एकटी नव्हती.

ऑक्टोबरमध्ये मी खरा विद्यार्थी होतो. शाई खोटी नव्हती. जानेवारीत मी उसाच्या फडात होतो. आणि त्या तीन दिवसांत जी २० लाख नावं गैरहजर निघाली ती सगळी 'बोगस' म्हणून एका शब्दात गेली. त्यातली किती नावं कधी जन्मालाच आली नव्हती आणि किती पोरं त्या दिवशी सोयाबीनच्या काढणीला, वीटभट्टीला, धाकट्या भावंडाजवळ होती? बोगस पोर आणि बुडालेलं पोर एकाच रकान्यात.

पुढं ४ जुलै २०१५ ला सरकारने उलट्या बाजूने मोजलं: शाळाबाह्य पोरं, एका दिवसात, सगळ्या राज्यात, पुन्हा बोटाला शाई. आकडा इतका कमी निघाला की शिक्षणात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी हरकती घेतल्या. मी तेव्हा नववीत, पटावर. जुलैत ऊसतोड मजूर गावातच असतो. पेरणी झालेली, पोरं शाळेत घातलेली. मराठवाड्यातलं शाळाबाह्य पोर शोधायला जुलैत निघणं म्हणजे उन्हाळ्यात पूर मोजायला जाणं. दोन्ही सरकारी मोजण्यांत मी सापडलो. दोन्ही वेळा बरोबर सापडलो. आणि मधले चार हिवाळे शाळेत नव्हतो. दहावीला गणितात गेलो ते असं.

'असर'चीही एक पाहणी आहे, प्रथम संस्थेची, २००५ पासून. त्यांचं मला पटतं ते हे, की ते शाळेला विचारत नाहीत. घरी येऊन पोराच्या हातात उतारा देतात, वाच म्हणतात. पाचवीतल्या जवळपास निम्म्या पोरांना दुसरीचं वाचता येत नाही, हे देशाला त्यांनीच दाखवलं. त्यांची रीत अशी की गावाचा नकाशा काढायचा, चार भाग पाडायचे, प्रत्येक भागात मधून निघून दर पाचवं घर घ्यायचं. गावात २० घरं. सोपी आहे. माझा प्रश्न एवढाच, की नकाशा कुणाच्या ओसरीवर बसून काढला? वेशीपर्यंतच काढला तर आपली वस्ती चारांपैकी कुठल्याच भागात पडत नाही. पाहणाऱ्याची दानत कितीही चांगली असो.

तर आमचा दुसरा फॉर्म. 'शाळेत जातं का' हे काढलं, कारण त्याला सगळे 'व्हय' म्हणतात, वर विचारतात, "कामून विचारायलाव, घरकुल येतंय का?" त्याजागी, काल गेलं होतं का, मागच्या आठवड्यात किती दिवस, गेल्या थंडीत कुठं होतं. 'शिक्षण का सोडलं'च्या चौकटी काढल्या, चार रेघा कोऱ्या ठेवल्या, आणि ठरवलं की पेन मिटल्यावर दहा मिनिटं बसायचं, मग बाहेर येऊन लिहायचं. दोन पोरी आल्यात पथकात, एक मातंग वस्तीतली. तिच्या गल्लीपासून सुरुवात. रविवार सकाळ नाही, रोजची संध्याकाळ, मजूर परतल्यावर. मावशीकडं परत गेलो होतो. तिचा जुना फॉर्म तिच्यासमोर खोडला, नवा लिहिला. पोरगं घरी होतं, ते काही बोललं नाही, पण हंड्याचं सांगताना आईने चूक केली ती त्याने दुरुस्त केली: हंडा नव्हता, माठ होता.

नांदेडच्या मित्रांनो, तुम्ही मुखेड, कंधार, लोह्याकडं जाणार असाल तर दोनदा जा. एकदा आता, एकदा दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी, त्याच घरांना. बहुतेक सर्वेक्षणांत दाराला कुलूप दिसलं की पुढचं घर घेतात. आपण घ्यायचं नाही. फॉर्मवर कुलपाचा वेगळा रकाना केलाय. शेजारच्या म्हातारीला विचारायचं: कोणत्या कारखान्यावर गेले, मुकादम कोण ते नको, लेकरं किती नेली, किती ठेवली, कुणापाशी ठेवली. मग गावातल्या शाळेत जाऊन त्या लेकरांची त्या आठवड्याची हजेरी बघायची. फॉर्म पाठवतोय. कमी पडले तर कळवा, इकडं अजून दोन रीम कागद आहे.